पेशंट 'फनी' वाटतंय म्हणाला आणि मी हसले

पत्र थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील काढून:

ताई, मी तिशीतली नर्स. सांगली जिल्ह्यात मराठी शाळेत शिकले, मिरजेला नर्सिंग केलं, तिथेच मेडिकल वॉर्डला काही वर्षं नोकरी केली. ओईटी, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्लिशची परीक्षा, पास होऊन आता इंग्लंडमध्ये आलेय, डर्बी-नॉटिंगहॅमच्या बाजूला, वयस्कर पेशंटांच्या वॉर्डला. परीक्षेत मार्क चांगले होते पण इथे पेशंट काय बोलतात तेच कळत नाही. शब्द सगळे ओळखीचे, अर्थ मात्र लागत नाही. मग मी मान डोलावते आणि हसते. मागच्या महिन्यात एक आजोबा म्हणाले, "आय हॅव कम ओव्हर ऑल फनी." मला वाटलं काहीतरी गंमत सांगतायत, मी हसले आणि पुढच्या बेडकडे गेले. हेल्थकेअर असिस्टंटने ते ऐकलं आणि ती धावली, त्यांचं बीपी खूप खाली गेलं होतं. ते बरे झाले पण माझी झोप उडालीय. सारखं सारखं विचारलं तर हिला इंग्लिश येत नाही असं वरती कळवतील याची भीती वाटते. केरळच्या मैत्रिणींना सगळं कळतं, मलाच नाही, हा मराठी मीडियमचा परिणाम का? हजार इडियमचं एक पुस्तक मागवलंय, रोज पंचवीस पाठ करते, दुसऱ्या दिवशी कोरी पाटी. नवरा म्हणतो सिरियली बघ. कधी वाटतं ऑपरेशन थिएटरला बदली मागावी, तिथे पेशंटला भूल दिलेली असते, बोलायचा प्रश्नच नाही. काय करू?

अगं, आजोबा बरे आहेत ही सगळ्यात मोठी गोष्ट, ती आधी मनाशी धर. आणि तुझी झोप उडाली यात मला तरी तुझं चांगलंच दिसतं, पेशंटचं ज्याला काही पडलेलं नसतं तो निवांत झोपतो. मी तुझ्याच भागात, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यात, मिडलँड्समध्ये बरीच वर्षं हॉस्पिटलांत दुभाषी म्हणून काम करतेय, मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या पेशंटांसाठी, त्यामुळे हा घोळ मी दोन्हीकडून बघितलाय. आपल्या आजी म्हणतात "पोटात कालवतंय" आणि समोरचा डॉक्टर माझ्याकडे बघत बसतो.

आता तू पत्रात एक गोष्ट गृहीत धरलीयस, की तुझं इंग्लिश कच्चं आहे आणि ते शाळेमुळे. मला हे पटत नाही. मिरजेचा तुझा वॉर्ड आठव. कर्नाटकातून, जतकडून, पार सोलापूरकडून पेशंट यायचे ना? एखादी बाई म्हणायची "अंगावरून जातंय", कुणी म्हणायचं "कसंनुसं होतंय", कुणाच्या सुनेला "दिवस गेलेत", कुणा म्हाताऱ्याला "परसाकडं" जायचं असायचं. तुला हे कुणी शिकवलं होतं का? नर्सिंगच्या कुठल्याच पुस्तकात 'परसाकडं' नव्हतं. तू वॉर्डात उभी राहून ते उचललंस, सीनियर सिस्टरला विचारलंस, पेशंटच्या हाताकडे, चेहऱ्याकडे बघून ताडलंस. बाहेरच्या राज्यातून शिकायला आलेला एखादा इंटर्न 'दिवस गेलेत' ऐकून गांगरला तर त्याचं शिक्षण कमी पडलं असं तू म्हणाली नसतीस, तू त्याला बाजूला घेऊन अर्थ सांगितला असतास. इथे तू त्या इंटर्नच्या जागी आहेस, बस इतकंच झालंय.

ओईटीचंही तसंच. ती परीक्षा खोटी नाही, तू पास झालीस म्हणजे तुला इंग्लिश येतं. पण परीक्षेतला पेशंट स्टुडिओत बसून स्पष्ट बोलतो. तुझ्या वॉर्डातले आजोबा दातांची कवळी काढून, ऑक्सिजनचा मास्क लावून, डर्बीच्या बोलीत बोलतात, आणि बोलतात ते सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी घरात ऐकलेलं इंग्लिश. लंडनहून आलेला गोरा ज्युनियर डॉक्टरसुद्धा इथे पहिले काही महिने अडखळतो, मी बघितलेत. "शी इज अ बिट मार्डी टुडे" म्हणजे आज स्वारी घुश्शात आहे, "आय ॲम नेश" म्हणजे मला थंडी सोसत नाही, आणि खिडकीबाहेर बघत कुणी म्हणालं "इट्स ब्लॅक ओव्हर बिल्स मदर्स" तर कुणा बिलच्या आईचं काही झालेलं नाही, तिकडे ढग भरून आलेत एवढंच. हे लंडनवाल्यालाही विचारावं लागतं. केरळच्या मैत्रिणींचं म्हणशील तर त्यांना सगळं कळतं हे तुला बाहेरून दिसतं. त्यांच्याकडच्या खूप नर्सेस वर्षानुवर्षं इथे येतायत, त्यामुळे त्यांची ब्रेकरूममध्ये आपसात देवाणघेवाण चालते, काल अमुक पेशंट असं म्हणाला त्याचा अर्थ काय वगैरे. तूही त्यांच्यात जाऊन बस आणि विचार. मल्याळम येत नसलं तरी चालेल, त्या सांगतील.

आता ते हजार इडियमचं पुस्तक. परत करता येत असेल तर कर, नाहीतर राहू दे कपाटात. कारण सांगते. रोझमंड मून या भाषा-अभ्यासक बाईंनी १९९८ साली इंग्लिशमधल्या ठरीव शब्दप्रयोगांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यासाठी जवळपास १ कोटी ८० लाख शब्दांचा खरोखरचा मजकूर कॉम्प्युटरवर तपासला. त्यातल्या बहुसंख्य प्रयोगांची हजेरी दहा लाख शब्दांमागे एकदासुद्धा लागत नाही असं निघालं. आणि आपल्याला शाळेत ज्या चित्रमय इडियम शिकवतात, मांजरं-कुत्री पडणारा पाऊस, बादलीला लाथ मारून मरणं, त्या तर प्रत्यक्ष बोलण्यात फारच क्वचित येतात. पुस्तकं मात्र त्यांनीच भरलेली असतात कारण त्या वाचायला मजेदार वाटतात. तू रोज रात्री ड्यूटीवरून दमून येऊन जे पाठ करतेयस ते तुझ्या वॉर्डात कुणी म्हणतच नाही. आणि जे म्हणतात ते पुस्तकात इतकं साधं दिसतं की तुझी नजर त्यावरून घसरून जाते. फनी, टर्न, पास, गो, बीन, ऑफ, डाउन, असले छोटे छोटे शब्द.

म्हणून आपण तुझ्या वॉर्डातलंच घेऊ.

'कम ओव्हर फनी' किंवा 'कम ओव्हर फेंट' म्हणजे आपलं कसंनुसं होणं, अचानक गरगरणं, घाम फुटणं, मळमळणं. 'फनी टर्न' म्हणजे तसा झटका येऊन गेला, चक्कर असेल, क्षणभर शुद्ध हरपली असेल, कधी छोटा स्ट्रोकही असू शकतो. वयस्कर माणसाच्या तोंडून शरीराबद्दल बोलताना 'फनी' आलं की त्यात गंमत नसते हे एवढं पक्कं धर. "माय लेग फील्स फनी" म्हणजे पायाला काहीतरी विचित्र होतंय. असं काही कानावर पडलं की अर्थ शोधत बसू नकोस, आधी ऑब्झर्व्हेशन्स घे. बीपी, नाडी, ऑक्सिजन, आणि साखर बघ. आकडे आपल्या भाषेतच बोलतात, तिथे तू कुणाहून कमी नाहीस.

त्याहून जपून ऐकायचं वाक्य नातेवाइकांचं असतं. मुलगी भेटायला येते आणि जाताना सांगते, "ही इज नॉट हिमसेल्फ टुडे." ऐकायला किती साधं, आज बाबांचा मूड नाही असं वाटतं. पण ती सांगत असते की हा माणूस रोजच्यासारखा नाहीये, काहीतरी बिघडलंय. नवीन गोंधळलेपण असेल तर तुमच्या न्यूज-टू चार्टवर, म्हणजे पेशंट किती बिघडतोय ते गुणांनी मोजायच्या तक्त्यावर, त्याचे सरळ ३ गुण आहेत, २०१७ च्या आवृत्तीत ते मुद्दाम घातलंय, कारण इन्फेक्शन किंवा डिलिरियमची, म्हणजे आजारपणात अचानक होणाऱ्या भ्रमाची, पहिली खूण कित्येकदा हीच असते. म्हणजे मुलीच्या त्या साध्या वाक्यातून तुला ३ गुणांचा इशारा मिळालेला असतो. तिला तिथेच थांबवून विचार, कालपेक्षा काय वेगळं वाटतंय, कधीपासून वाटतंय. तसंच "ही हॅज गॉन ऑफ हिज लेग्ज" म्हणजे चालता फिरता माणूस अचानक उभाच राहू शकत नाही असं झालंय, आणि "शी हॅज गॉन ऑफ हर फूड" म्हणजे तिची अन्नावरची वासना उडालीय. दूध 'गो ऑफ' झालं तर ते नासलेलं असतं. हा 'ऑफ' असा सगळीकडे फिरतो, त्याचा नियम शोधू नकोस, प्रसंगासकट लक्षात ठेव.

आता 'पास' बघ, तुला हा दिवसातून चारपाचदा तरी भेटत असेल. पास वॉटर म्हणजे लघवी होणं. पास विंड म्हणजे वारा सरणं, पोटाच्या ऑपरेशननंतर सर्जन ज्याची वाट बघत असतात ते. पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं. पास अवे, किंवा नुसतंच "ही पास्ड", म्हणजे गेला. आणि आपण भारतात म्हणतो "आय पास्ड आउट इन अमुक साली", म्हणजे कोर्स पूर्ण केला. इथे ते बोलू नकोस, समोरच्याला वाटतं तुला त्या वर्षी चक्कर आली होती. क्वालिफाइड म्हण.

संडास-बाथरूमच्या बाबतीत तर इथली जुनी पिढी आपल्या आज्यांइतकीच लाजरी आहे. सरळ कुणी बोलत नाही. "आय नीड टू स्पेंड अ पेनी" म्हणजे लघवीला जायचंय. पूर्वी सार्वजनिक संडासाच्या दाराला नाणं टाकून उघडायचं कुलूप असे, एक पेनी टाकली की दार उघडे, त्यावरून ते आलं. लंडनला १८५१ साली मोठं प्रदर्शन भरलं होतं त्यात जॉर्ज जेनिंग्ज नावाच्या प्लंबरने असे पैसे देऊन वापरायचे संडास बसवले होते, तिथपर्यंत ही गोष्ट मागे नेतात. आजची तरुण पोरं हे बोलत नाहीत पण तुझ्या वॉर्डातल्या आज्या बोलतात, जसं आपल्याकडे 'परसाकडं' आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलंय. "आय हॅव बीन कॉट शॉर्ट" म्हणजे एकदम जोराची लागलीय, लगेच चल, बहुतेक वेळा उशीर झालेलाच असतो, तेव्हा पडदा ओढ आणि कमोड आण, शब्दाचा विचार नंतर. 'वॉटरवर्क्स' म्हणजे लघवीचं सगळं प्रकरण. 'डाउन बिलो' म्हणजे खालच्या जागेचं. 'बंग्ड अप' म्हणजे पोट साफ होत नाही, सर्दीने नाक चोंदलं तरी हाच शब्द. "हॅव यू बीन टुडे?" असं सिस्टर विचारते तेव्हा ती कुठे फिरून आलात का असं विचारत नसते, आज शौचाला झाली का एवढंच. "इट वेंट राइट थ्रू मी" म्हणजे खाल्लं आणि जुलाब झाले. "आय ब्रॉट इट अप" म्हणजे उलटी. आणि 'डिकी टिकर' कुणी म्हणालं तर हार्ट कमजोर आहे असं ते सांगतायत, अगदी सहज, हसत सांगतात, पण हिस्टरीत लिहायची गोष्ट आहे ती.

एक गोष्ट मात्र शब्दांच्या पलीकडची आहे आणि ती कळली की निम्मं काम होतं असं मला वाटतं. इथली ही पिढी दुखणं कमी करून सांगते. "हाउ आर यू?" "नॉट टू बॅड." "मस्टन्ट ग्रंबल." हे लोक युद्धानंतरच्या रेशनिंगमध्ये वाढलेत, रेशन इथे १९५४ पर्यंत चालू होतं, तक्रार करायची नाही हे अंगात मुरलंय. त्यामुळे 'अ बिट सोर' म्हणजे थोडं दुखतंय असं धरून पुढे जाऊ नकोस. शून्य ते दहामध्ये किती विचार, आणि कुशीवर वळवताना चेहऱ्याकडे बघ. मी एका आजीबाईंना बघितलंय, 'जस्ट अ लिटल अनकम्फर्टेबल' म्हणत होत्या आणि हाताने बेडची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. "आय डोन्ट वॉन्ट टू बी अ नुइसन्स" असं सुरू झालं की समज, काहीतरी हवंय. आपल्याकडेही "राहू दे गं, तुला कशाला त्रास" म्हणणाऱ्या सासवा असतातच की.

होकार-नकारसुद्धा उलटे ऐकू येतात. चहा देऊ का विचारलंस आणि उत्तर आलं "आय वुडन्ट से नो", तर ते हो आहे. "आय ॲम ऑल राइट, थँक्स", हे नको आहे. "आय कुड मर्डर अ कप ऑफ टी" म्हणजे चहाची भयंकर तलफ आलीय, खून वगैरे काही नाही. आणि "ऑल राइट, मी डक?" हे तुझ्या भागातलं नुसतं काय कसं काय आहे, तब्येतीचं उत्तर द्यायची गरज नाही, उलट "ऑल राइट" म्हटलं की झालं. तुझी मैत्रीण ब्रिस्टलकडे असेल तर तिला तिथले म्हातारे "माय लव्हर" म्हणतील, तिला आधीच सांगून ठेव, त्यात काही वावगं नसतं.

आणि हा 'टी' शब्द. हे कृपया नीट वाच, कारण यात इन्सुलिन आहे. मिडलँड्समध्ये आणि त्याच्या वर उत्तरेला खूप घरांत 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण, आणि 'डिनर' म्हणजे दुपारचं. कुणी म्हणालं "ही हॅज हिज इन्सुलिन विथ हिज टी" तर ते चार वाजताच्या चहाबिस्किटाबरोबर नाही. इथे अंदाज करायचाच नाही, घड्याळातली वेळ विचारायची आणि चार्टशी ताडून बघायची. वेळेवरून आठवलं, 'हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच.

गंभीर बोलणं बहुतेक डॉक्टरांकडून आणि नातेवाइकांकडून येईल. 'ऑन द मेंड' म्हणजे सुधारतोय. 'नॉट आउट ऑफ द वुड्स येट' म्हणजे धोका अजून टळलेला नाही. 'टच अँड गो' म्हणजे काहीही होऊ शकतं. 'पूर्ली' घरी वापरला तर नुसतं बरं नसणं, पण वॉर्डात कन्सल्टंट घरच्यांना हळू आवाजात म्हणाले "शी इज व्हेरी पूर्ली", तर ते खूप गंभीर आहे. तू स्वतः मात्र हे काहीच वापरू नकोस. तुझ्या तोंडून नातेवाइकांना सरळ, साधं, पूर्ण वाक्य जाऊ दे. मृत्यूच्या बाबतीत तर इथल्या प्रशिक्षणातच सांगतात की 'डाइड' हा स्पष्ट शब्द वापरा, आडवळणाने बोललं की घरच्यांना खरं काय झालं तेच कळत नाही. इडियम तुला समजायला हव्यात, वापरता आल्याच पाहिजेत असं कुठे आहे? हे ओझं खाली ठेवलंस की मला वाटतं तुझी निम्मी भीती जाईल.

मग राहिला विचारण्याचा प्रश्न, आणि तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती याच गोष्टीची. तू न कळता हसतेस. विचारलं तर वरती कळवतील म्हणून. आता हे उलटं करून बघ. तुमच्या एनएमसीच्या, म्हणजे इथे नर्सेसची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, कोडमध्ये (आचारसंहितेत) सातव्या कलमात संवादाबद्दल लिहिलंय, ७.४ मध्ये स्पष्ट आहे की गैरसमज आणि चुका कमीत कमी व्हाव्यात म्हणून समोरच्याला काय समजलंय ते वेळोवेळी तपासा. ते पेशंटच्या समजण्याबद्दल आहे, मान्य, पण संवाद दोन्ही बाजूंनी असतो, तुला न कळता तू त्याचं कसं तपासणार? ७.५ मध्ये इंग्लिशमध्ये स्पष्ट आणि नीट संवाद साधता आला पाहिजे असं आहे, तुला भीती त्याच कलमाची वाटतेय, पण अगं, थांबून खात्री करून घेणं हाच तर नीट संवाद. एखादी नर्स औषधाचा डोस परत एकदा विचारते तेव्हा तिला औषधं येत नाहीत असं कुणी म्हणत नाही.

पण कसं विचारायचं याची एक रीत आहे. नुसतं "सॉरी? पार्डन?" केलंस तर पेशंट तेच वाक्य मोठ्या आवाजात परत म्हणतो, अर्थ तसाच गुलदस्त्यात. त्याऐवजी त्याचाच शब्द उचल आणि शरीराकडे ने. "यू सेड फनी. फनी हाउ? डिझी? सिक? एनी पेन?" किंवा "शो मी व्हेअर." किंवा "डू यू नीड द टॉयलेट, ऑर समथिंग एल्स?" बघ, यात तू इंग्लिश विचारत नाहीयेस, लक्षण विचारतेयस, कुठलीही चांगली नर्स हेच विचारते, इंग्लंडमध्ये जन्मलेलीसुद्धा. आणि कधी मोकळा वेळ असेल, औषधांचा राउंड संपलाय, तेव्हा एखाद्या गप्पिष्ट आजीला सरळ सांग, "वी डोन्ट से दॅट बॅक होम, व्हॉट डझ इट मीन?" अगं त्या खुलतात. दिवसभर लोक त्यांना फक्त गोळ्या देतात आणि सुया टोचतात, कुणीतरी त्यांच्याकडून काहीतरी शिकतंय हे त्यांना फार आवडतं.

खिशात एक छोटी डायरी ठेव. पुस्तकासारखी एबीसीप्रमाणे लिहू नकोस, प्रसंगाप्रमाणे लिही, एक पान संडास-लघवीचं, एक दुखण्याचं, एक चक्कर-श्वासाचं, एक खाण्याचं, एक निरोप आणि मरणाचं. शब्दासमोर कोण काय करत असताना म्हणालं ते आपल्या मराठीत लिही, 'उठून बसवताना म्हणाल्या' असं, मग ते डोक्यात राहतं. पेशंटचं नाव, बेड नंबर, तारीख यातलं काही लिहायचं नाही, डायरी बसमध्ये विसरली तरी कुणाचं काही उघड होता कामा नये. घरी आल्यावर एकदा लर्नर्स डिक्शनरीत बघ, केंब्रिज, ऑक्सफर्ड, लाँगमन, तिन्हींच्या फुकट आहेत ऑनलाइन. ट्रान्सलेटर ॲपवर भरवसा ठेवू नकोस, असल्या बोलण्यात ते कधी कधी शब्दशः अर्थ लावून मोकळं होतं. लर्नर्स डिक्शनरीत वाक्याबरोबर शेरा असतो, हे जुनाट आहे, हे अनौपचारिक आहे, हे फक्त ब्रिटिश आहे, हे असभ्य आहे. तो शेरा अर्थाइतकाच महत्त्वाचा. या प्रकारच्या डिक्शनरीची सुरुवातच आपल्यासारख्यांसाठी झालीय, हॉर्नबी नावाचे मास्तर जपानमध्ये इंग्लिश शिकवत होते, तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ती केली, १९४२ साली आधी टोकियोत छापली गेली आणि १९४८ साली ऑक्सफर्डने काढली.

नवऱ्याच्या सिरियलींना माझा विरोध नाही, पण तिथे लिहिलेले डायलॉग असतात. त्याऐवजी तुझ्या भागातला बीबीसीचा लोकल रेडिओ लाव, डर्बीचा आहे, नॉटिंगहॅमचा आहे, त्यात सामान्य माणसं फोन करून खड्ड्यांबद्दल, बसबद्दल, फुटबॉलबद्दल बोलतात तेव्हा कान देऊन ऐक. पोळ्या करताना चालू ठेवलंस तरी पुरे. महिन्याभरात चाल ओळखीची होते, मग शब्द वेगळे दिसायला लागतात.

थिएटरच्या बदलीचं म्हणशील तर आवड म्हणून जायचं असेल तर अवश्य जा. पण बोलावं लागणार नाही म्हणून जात असशील तर जाऊ नकोस. भूल देईपर्यंत पेशंट जागाच असतो आणि सगळ्यात घाबरलेला असतो, नंतर रिकव्हरीत गुंगीत अडखळत बोलतो. मधल्या वेळात सर्जन मास्कच्या आडून, ओठ दिसत नसताना, घाईत काहीतरी मागतो. ऐकायला ती जागा वॉर्डापेक्षा अवघड आहे.

या आठवड्यात तुझ्या प्रिसेप्टरला (नव्या नर्सला सांभाळून घेणारी अनुभवी नर्स) किंवा वॉर्डच्या प्रॅक्टिस एज्युकेटरला (वॉर्डात शिकवणारी) दहा मिनिटं माग. आजोबांचा प्रसंग तूच सांग, दुसऱ्याकडून त्यांच्या कानावर जायच्या आधी. नुसतं "माय इंग्लिश इज वीक" असं म्हणू नकोस, ते मोघम आहे आणि खरंही नाही. "स्थानिक बोलण्यातले शब्द मला कळत नाहीत, मी त्यासाठी हे हे करतेय, मला हँडओव्हरनंतर पाच मिनिटं कुणाला विचारता येईल का" असं नेमकं सांग. आणि त्या हेल्थकेअर असिस्टंटला चहा पाज, त्या बहुतेक तिथल्याच गावच्या असतात, तुझी खरी डिक्शनरी तीच आहे. पुढे दर तीन वर्षांनी रिव्हॅलिडेशनला, म्हणजे नर्सची नोंदणी चालू ठेवायला, पाच रिफ्लेक्टिव्ह अकाउंट (अनुभवातून काय शिकलो ते लिहिलेली टिपणं) लागतात, त्यातलं एक यावर लिहिता येईल.

नोट्स लिहिताना पेशंटचे शब्द अवतरणात जसेच्या तसे लिही, 'पेशंट म्हणाले, कम ओव्हर ऑल फनी', आणि पुढे तू घेतलेले आकडे. तुला अर्थाची खात्री नसली तरी वाचणाऱ्या डॉक्टरला असेल. फोनवरही हेच कर. फोन सगळ्यात अवघड, चेहरा दिसत नाही आणि मुलगा गाडी चालवता चालवता बोलत असतो, तेव्हा कागद समोर ओढ, त्याचे शब्द जसे ऐकू येतील तसे, वाटलं तर देवनागरीत उतरव, त्याला वाचून दाखव, "लेट मी रीड दॅट बॅक टु यू", नंबर घे आणि सिस्टरला विचारून पाच मिनिटांत परत फोन कर.